लिफ्ट उचलेना तेव्हा

नांगरट वैशाखात असते, म्हणून जुन्या मॅसी ट्रॅक्टरची लिफ्ट, म्हणजे मागचं अवजार तेलाच्या दाबावर उचलणारी यंत्रणा, दम सोडते तीही वैशाखातच. सकाळी गार तेलावर नांगर कसाबसा वर येतो. अकरा वाजेपर्यंत तेल तापून पातळ होतं आणि मग बांधाला वळताना फाळ मातीतून निघतच नाहीत. लिव्हर पार वर ओढलेला, मागचे हात जागच्या जागी. ‘पंप गेला’ हे निदान तिथंच बांधावर होतं आणि कुणीतरी नवा पंप आणायला तालुक्याला निघतं.

बऱ्याच वेळा पंप गेलेला नसतो. आणि खरंच गेला असला, तरी कशानं गेला हे न बघता नवा बसवला की तोही त्याच वाटेनं जातो. मॅसी फर्ग्युसन 35 आणि त्याच घराण्यातला आपल्याकडचा 1035 यांच्या पोटातला पंप इतर ट्रॅक्टरांच्या पंपासारखा नाही. तो समजून घेतला तर निम्म्या दुरुस्त्या पंप न उतरवताच होतात. उरलेल्या निम्म्यांत काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे आधीच कळतं.

बहुतेक ट्रॅक्टरांचा हायड्रोलिक पंप गिअरचा असतो. दोन दाती चाकं एकमेकांत फिरतात, तेल ओढतात, पुढं ढकलतात. इंजिन चालू आहे तोवर तेल फिरतच राहतं. लिफ्टला नको असेल तेव्हा व्हॉल्व्ह ते परत टाकीत सोडून देतो. उत्तर आयर्लंडमधल्या काउंटी डाउनच्या हॅरी फर्ग्युसननं हे उलटं केलं. त्यानं व्हॉल्व्ह पंपाच्या बाहेर जाणाऱ्या वाटेवर न ठेवता आत येणाऱ्या वाटेवर, म्हणजे सक्शनला बसवला. लिफ्टला तेल हवं असेल तेव्हाच पंपाचं तोंड उघडतं. नको असेल तेव्हा ते बंद. पिस्टन पुढं-मागं होत राहतात, पण ओढायला तेलच नाही. त्यामुळे दाब नाही, तेल तापत नाही आणि इंजिनावर ओझंही नाही. 1936 च्या फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टरात हीच मांडणी होती, 1939 च्या फोर्ड 9एन मध्ये आणि 1946 पासूनच्या टीई-20 मध्येही तीच. फोर्ड आणि फर्ग्युसन यांचं बिनसलं, खटला उभा राहिला आणि 1952 मध्ये तडजोड झाली. फोर्डनं साडेब्याण्णव लाख डॉलर मोजले आणि सक्शनला आपोआप चालणारा व्हॉल्व्ह लावलेले पंप बनवणं थांबवायचं कबूल केलं. बोटाएवढ्या जाडीच्या एका व्हॉल्व्हची जागा इतकी मोलाची होती. 1960 मध्ये तेव्हाच्या मद्रासला मॅसीचे ट्रॅक्टर बनवणारी टाफे कंपनी सुरू झाली आणि हीच हायड्रोलिक आपल्या शेतात आली.

आता पंपाची आतली रचना. एक आडवा शाफ्ट आणि त्यावर दोन विकेंद्री (मध्य सोडून बसवलेले) कॅम. प्रत्येक कॅमवर एक चौकोनी ब्लॉक आणि ब्लॉकच्या दोन टोकांना दोन पिस्टन, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. असे एकूण चार पिस्टन. डाव्या-उजव्या अंगाला व्हॉल्व्ह चेंबर असतात. त्यांत प्रत्येक पिस्टनसाठी एक तेल आत घेणारा आणि एक बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह. मधोमध तो सक्शनचा कंट्रोल व्हॉल्व्ह. त्याच्या तीन अवस्था: पुढं सरकला की तेल पंपात येतं आणि लिफ्ट उठते, मध्ये असला की सगळ्या वाटा बंद आणि लिफ्ट आहे तिथं थांबते, मागं सरकला की सिलिंडरमधलं तेल परत हौसिंगमध्ये येतं आणि अवजार उतरतं. 35 च्या पंपात हा व्हॉल्व्ह शाफ्टच्या फिरण्यावर सतत किंचित डुलत ठेवलेला असतो. स्थिर पडलेला पोलाद तेलातही चिकटतो. डुलत्याला चिकटायला सवड मिळत नाही, म्हणून लिव्हर केसभर हलवला तरी लिफ्ट ओळखते.

या पंपाला स्वतःची टाकी नाही. तो सेंटर हौसिंगच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या मधल्या बंद खोक्याच्या तळाशी गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअलच्या तेलातच बुडालेला असतो. हे तीसेक लिटर तेल सगळ्यांचं एकच. डिफरन्शिअलमधल्या क्राउन-पिनियनच्या दातांची झीज, बेअरिंगची भुकटी, गिअर लिव्हरच्या फाटक्या रबरातून गेलेलं पावसाचं पाणी, सगळं त्याच तेलात. पंप तेच तेल पितो. या पंपाची जवळपास सगळी दुखणी इथूनच सुरू होतात. त्यामुळे पंप नवा घालून तळातला गाळ तसाच ठेवणं ही दुरुस्ती नव्हे.

पाण्याचं तर विशेष. इगतपुरीपासून खाली कोकणात आणि तिकडं भंडारा-गोंदियात भाताची चिखलणी करणारे ट्रॅक्टर दिवसदिवस पोटऱ्याभर पाण्यात असतात. पीटीओचं (इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या मागच्या शाफ्टचं) सील आणि मागच्या धुऱ्यांची सीलं थकलेली असली की पाणी आत शिरतं. डिपस्टिक काढून पाहिली तर तेल ताकासारखं पांढरं दिसतं. असं तेल वंगण म्हणून तर कमी पडतंच, शिवाय हंगाम संपून ट्रॅक्टर उभा राहिला की व्हॉल्व्हच्या सीटवर गंजाचे बारीक टिपके पडतात. दिवाळीनंतर तोच ट्रॅक्टर रब्बीच्या मशागतीला जोडला की लिफ्ट उचक्या देऊ लागते. चिखलणी संपल्याच्या आठवड्यात तेल बदलणं खर्चाचं वाटतं. पंपाच्या किटच्या आणि वाया गेलेल्या दिवसांच्या तुलनेत ते स्वस्तच पडतं.

दुसरी वाट डंपिंग ट्रॉलीची. ट्रॉलीचा जॅक ट्रॅक्टरच्याच तेलावर उचलतो. माती, वाळू किंवा शेणखत वाहणारी ट्रॉली आज एका ट्रॅक्टरला, उद्या दुसऱ्याला लागते आणि प्रत्येकाचं तेल जॅकमधून दुसऱ्याच्या पोटात जातं. होजचं टोक मातीत पडलेलं, ते चड्डीला पुसून तसंच कपलिंगात खोचलं जातं. तेलाची पातळीही इथंच फसवते. ट्रॉली वर असताना जॅकमध्ये गेलेलं तेल हौसिंगमधून कमी झालेलं असतं. पातळी बेताची असेल तर पंपाचं तोंड उघडं पडतं, तो हवा ओढतो आणि तेलाला फेस येतो. फेसाळलेलं तेल दाबलं जातं, पण वजन उचलत नाही. म्हणून डिपस्टिक बघायची ती ट्रॅक्टर सपाटीवर, अवजार जमिनीवर, ट्रॉलीचा जॅक पूर्ण खाली आणि इंजिन बंद करून थोडा वेळ गेल्यावर.

आता निदान. इथं घाई करू नये.

लिफ्ट अजिबात हलत नसेल तर आधी पातळी आणि तेलाचा रंग. मग पीटीओ लावून मागचा शाफ्ट फिरतो का ते बघावं, कारण पंपाला फिरवणारी वाट तीच आहे. टीई-20 मध्ये पीटीओ काढला की लिफ्टही बंद व्हायची. 35 पासून पंप पीटीओच्या लिव्हरवर अवलंबून राहिला नाही, पण क्लचवर राहिला. सिंगल क्लचच्या गाडीत क्लच दाबला की पंप थांबतो. ड्युअल क्लचमध्ये पहिल्या टप्प्यावर फक्त चाकं सुटायला हवीत आणि पंप चालू राहायला हवा. क्लचची सेटिंग बिघडली असेल तर अर्ध्या पेडलवरच पंप मरतो, आणि वळताना क्लच दाबून लिफ्ट उचलणाऱ्याला वाटतं पंप गेला. पेडलची मोकळीक तपासायला पाच मिनिटं लागतात.

अवजार फार सावकाश उतरत असेल तर उतरण्याचा वेग ठरवणारा रिस्पॉन्सचा लिव्हर बघावा. तो ‘स्लो’कडे सरकलेला असतो. यासाठी पंप उतरवणाऱ्यांची कमी नाही.

नांगर जमिनीत सारखा वरखाली उड्या मारत असेल तर सीटखाली मागच्या बाजूला असलेल्या टॉप लिंकच्या (अवजार वरून ट्रॅक्टरला जोडणाऱ्या दांड्याच्या) जाड स्प्रिंगकडे वळावं. फर्ग्युसनच्या पद्धतीत नांगराची ओढ टॉप लिंकमधून याच स्प्रिंगवर येते आणि स्प्रिंगची हालचाल कंट्रोल व्हॉल्व्हपर्यंत पोचते. स्प्रिंग हातानं फिरायला हवी, पण पुढं-मागं खेळायला नको. तिथं पोकळी पडली असेल, टॉप लिंकच्या पिना आणि भोकं झिजून लंबगोल झाली असतील, तर पंपाला चुकीचा निरोप जातो. पंप तर निरोपाप्रमाणेच वागणार.

लिफ्ट रिकामी उठते आणि वजन घेत नाही, किंवा उठते पण दर काही सेकंदांनी मान डोलावल्यासारखी खाली जाऊन परत वर येते, अशी तक्रार असेल तर तेल कुठून तरी निसटतंय. उचक्यांचं कारण सरळ आहे. अवजार गळतीनं थोडं उतरतं, लिंकेज व्हॉल्व्ह उघडतं, पंप ते परत उचलतो आणि हे चक्र चालू राहतं. म्हणजे उचकी हे पंप जिवंत असल्याचंच लक्षण. इंजिन बंद करून बघावं. नांगर वर धरलेला असताना अर्ध्या तासात चार बोटं उतरला तर जुन्या गाडीत मी त्याला आजार म्हणणार नाही. दोन मिनिटांत टेकला, तर शोध घ्यायला हवा.

निसटण्याच्या जागा मोजक्या आहेत: लिफ्टच्या सिलिंडरमधला पिस्टन, सिलिंडर जिथं हौसिंगवरच्या लिफ्ट कव्हरला बसतो तिथली ओ-रिंग (रबरी गोल कडी), पंपापासून कव्हरपर्यंत तेल नेणाऱ्या उभ्या पाइपाच्या दोन टोकांच्या ओ-रिंगा, दाब फार वाढला की उघडणारा रिलीफ व्हॉल्व्ह, कंट्रोल व्हॉल्व्हची सीलं आणि पंपाचे बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह. यांतली कुठली, हे डोळ्यांनी दिसतं. हौसिंगच्या बाजूचं झाकण निघेल एवढं तेल उतरवावं. नांगर वर उचलून त्याखाली भक्कम लाकडी ठोकळे असे ठेवावेत, की निसटलाच तर बोटभर उतरून ठोकळ्यावर टेकेल, पण वजन लिफ्टवरच राहील. मग इंजिन बंद करून झाकणातून बॅटरी मारावी. वरून, सिलिंडरच्या तोंडाकडून धार येत असेल तर पंप निर्दोष. उभ्या पाइपाच्या पायथ्याशी तेल उसळत असेल तर दोष एका ओ-रिंगचा आहे आणि पंपाला हात लावायचं कारण नाही. धार खाली पंपाच्या अंगातून येत असेल तरच पंप उतरवायचा. इंजिन चालू असताना या झाकणातून हात किंवा फडकं आत घालू नये. तिथं शाफ्ट फिरत असतो.

दाबाबद्दलही इथंच सांगायला हवं. रिलीफ व्हॉल्व्ह मॉडेलप्रमाणे 2,500 ते 3,000 पौंडांच्या दरम्यान उघडतो. 2,500 पौंड प्रति चौरस इंच म्हणजे सुमारे 175 किलो प्रति चौरस सेंटिमीटर. करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर साडेतीन पोती गहू. केसाएवढ्या फटीतून निघालेली अशी धार कातडी फोडून आत जाते आणि जखम वरून टाचणीच्या टोकाएवढीच दिसते. तसं झालं तर घरी हळद दाबून बसू नये, तडक दवाखान्यात जावं. बाहेरच्या पाइपाची गळती शोधायला हात फिरवायचा नाही, पुठ्ठा फिरवायचा.

कव्हरवरच्या प्लगच्या जागी दाब मोजणारा गेज लावता आला तर शंका उरतच नाही. तेल कामाइतकं तापवून, लिफ्ट पूर्ण वर नेऊन, पंप सतत ढकलत राहील अशा स्थितीत लिव्हर क्षणभरच ठेवावा. काटा झटकन रिलीफच्या आकड्यापर्यंत गेला आणि तिथं थांबला तर पंप ठीक. रेंगाळत चढून मध्येच अडकला, तर पिस्टनच्या रिंगा, व्हॉल्व्ह किंवा रिलीफ यांपैकी काहीतरी थकलं आहे.

पंप उतरवायचा ठरला की पहिलं काम पाण्याचं. सीटखालची, कव्हरभोवतीची, पीटीओजवळची वाळलेली चिकट माती आधी खरवडून, धुऊन, वाळवून घ्यावी. कव्हर उचलताना कडेचा एक ढेकूळ आत पडला तरी पुढची सगळी मेहनत वाया. मग अवजार सोडावं, लिफ्टचे हात खाली करावेत आणि सगळे ड्रेन प्लग काढून तेल डब्यांत घ्यावं. पंधरा किलोचे दोन डबे भरतात. तळाशी शेवटी येणारं तेल वेगळ्या भांड्यात घ्यावं आणि त्यात चुंबक फिरवावं. चुंबकाला लागलेली राखाडी मऊ लोणी ही रोजची झीज. बोटाला टोचणारा कीस किंवा दाताचा तुकडा निघाला तर लिफ्ट राहू दे, आधी गिअर बघायला हवेत.

सीट, टॉप लिंक आणि लिफ्ट रॉड सोडवल्यावर कव्हरवरची टोपी काढून उभा पाइप वर ओढून घ्यावा. तो न काढता कव्हर उचललं तर पाइप वाकतो किंवा पंपाचं तोंड फुटतं. कव्हर सिलिंडरसकट असतं आणि जड असतं. ते चेन ब्लॉकनं सरळ वर उचलावं, तिरकं नाही. मागून पीटीओचा शाफ्ट त्याच्या बेअरिंगसह ओढून काढावा. हौसिंगच्या दोन्ही बाजूंनी आत शिरलेल्या दोन पिनांवर पंप टेकलेला असतो. त्या सोडवल्या, पंप मागं सरकवून पुढच्या शाफ्टची दातेरी जोडणी सोडवली की तो वरच्या तोंडातून बाहेर येतो.

पंप खोलायला एक मोठी परात, स्वच्छ रॉकेल किंवा डिझेल आणि धुऊन-धुऊन विरलेलं सुती फडकं लागतं. जुन्या लुगड्याचं उत्तम. मशिनचं कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे व्हॉल्व्हमध्ये अडकतात. डावा चेंबर, उजवा चेंबर, पुढचा ब्लॉक, मागचा ब्लॉक अशा खुणा खोलण्याआधीच करून ठेवाव्यात. पिस्टन ज्या भोकात घासून बसला आहे त्याच भोकात परत गेला पाहिजे.

खरी परीक्षा व्हॉल्व्हच्या सीटची. सीट धुऊन, पुसून उन्हाकडे धरून तिरक्या नजरेनं बघावी. चांगल्या सीटवर चांदीच्या तारेसारखी एक बारीक अखंड चकाकती रेघ फिरलेली दिसते. ती रेघ एका जागी रुंद, धुरकट किंवा तुटलेली असली की तिथं कधीतरी कण चिरडला गेला आहे, आणि तेव्हापासून तेल त्याच जागेवरून परत येत राहिलं आहे. परत येणारं तेल ती खाच आणखी खोल करतं. म्हणूनच हा दोष आधी गरम तेलावर, मग गारवरही जाणवू लागतो. खाच वरवरची असेल तर बारीक पेस्टनं घासून रेघ परत आणता येते. मग व्हॉल्व्ह बसवून वर रॉकेल ओतायचं आणि बघत राहायचं. थेंबही झिरपला तर सीट आणि व्हॉल्व्ह दोन्ही बदलावेत. स्प्रिंगा सगळ्या शेजारी-शेजारी उभ्या करून उंची ताडावी. एक जरी बसलेली दिसली तरी पूर्ण संच नवा घ्यावा.

पिस्टनच्या रिंगा रिकाम्या भोकात सरळ बसवून टोकांमधली फट बघतात. चकाकी गेलेल्या, एका बाजूनं पातळ झालेल्या रिंगा टाकून द्याव्यात. भोकाला उभे ओरखडे असतील, नखाला अडकत असतील, तर नव्या रिंगांनीही ते भरून येत नाहीत. अशा वेळी बॉडीच बदलायला हवी. कॅमवरचे ब्लॉक हातात धरून हलवून बघावेत. तिथं खेळ पडला की प्रत्येक फेऱ्यात पिस्टनचा थोडा प्रवास फुकट जातो आणि मागच्या हौसिंगमधून टक-टक ऐकू येते.

कंट्रोल व्हॉल्व्हला पॉलिश पेपर लावायचा नाही. हे ठासून सांगायला हवं, कारण अडकणारा व्हॉल्व्ह दिसला की हात आपोआप पेपरकडे जातो. तो कडक पोलादाचा घासून मापात आणलेला असतो आणि त्याचं बसणं मायक्रॉनमध्ये आहे. दोन वेळा पेपर फिरवला की तो मोकळा सरकतो खरा, पण मग तेलही मोकळं निसटतं. चिकटा असेल तर रॉकेलमध्ये रात्रभर भिजवावा आणि लाकडी काडीनं साफ करावा. ओरखडा असेल तर बदलावा. भोवतीची रबरी सीलं आणि मधल्या रिंगा ज्या क्रमानं निघाल्या त्याच क्रमानं जाव्यात. म्हणून काढताना त्या एका तारेत ओवून ठेवणं बरं. सीलं दिसायला धड असली तरी नवीच घालावीत. जुनं रबर नखानं दाबलं आणि खळगा तसाच राहिला, तर ते रबर मेलेलं आहे.

रिलीफ व्हॉल्व्हबाबत एक वाईट रीत आहे. लिफ्ट कमी उचलते म्हणून स्प्रिंगखाली एक वायसर सरकवून दाब वाढवायचा. दोन दिवस लिफ्ट उचलते. मग कव्हरला तडा जातो नाहीतर सिलिंडरची ओ-रिंग उडते. 1035 ची उचल 1,100 किलोची आहे. त्यापुढचं अवजार लावून पंपावर जोर काढण्यात अर्थ नाही. रिलीफ ढिला पडला असेल तर पूर्ण नवा घ्यावा, आतल्या स्प्रिंगशी खेळू नये.

ओ-रिंगा किटमधल्या आणि मापाच्याच हव्यात. ‘जवळपास बसते’ अशी सायकलच्या दुकानातली रिंग इथं चालत नाही. जिथं ओ-रिंगेबरोबर चपटी बॅकअप रिंग असते तिथं दाबाच्या बाजूला ओ-रिंग आणि तिच्या पाठीशी चपटी. उलटी बसली तर दाबानं रबर फटीत ढकललं जातं आणि त्याचे तुकडे पडतात. बसवताना पाइपाच्या कडा बोटानं चाचपाव्यात. धारदार कड असली की ती नवी रिंग आत जातानाच कापते आणि सगळं जोडल्यावर गळती पहिल्यासारखीच राहते. तेल लावून, किंचित फिरवत, न ओढता बसवावी.

जोडताना प्रत्येक भाग तेलात बुडवूनच जावा. रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ देऊ नयेत. बोल्ट समोरासमोरचे, थोडे-थोडे करत आवळावेत आणि दर खेपेला शाफ्ट हातानं फिरवून बघावा. आवळता-आवळता शाफ्ट जड झाला तर तिथंच थांबायचं. काहीतरी तिरकं बसलंय.

मग बसवण्याआधीची चाचणी. पंप स्वच्छ तेलाच्या पातेल्यात बुडवावा, कंट्रोल व्हॉल्व्ह आत घेण्याच्या स्थितीत धरावा आणि शाफ्ट हातानं सावकाश फिरवावा. आधी बुडबुडे येतात, मग तेल. बाहेरच्या तोंडावर अंगठा दाबून धरला की एका फेऱ्यात चार ठोके जाणवतात, नाडीसारखे. चारही सारखे हवेत. तीन जोरकस आणि एक पोचट लागला तर त्या पिस्टनचा व्हॉल्व्ह बसलेला नाही. पंप परातीत असेपर्यंत तो शोधणं सोपं आहे. आता व्हॉल्व्ह मध्यावर आणला तर ठोके थांबतात आणि शाफ्ट हलका होतो. फर्ग्युसनची सगळी कल्पना त्या हलकेपणात हाताला कळते.

पंप परत ठेवण्याआधी हौसिंगचा तळ. दिवसभराच्या कामात सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात गरजेचं काम हेच. कोपऱ्यांतला काळा गाळ लाकडी पट्टीनं खरवडायचा, डिझेलनं धुवायचं, फडक्यानं टिपायचं, परत धुवायचं. ओल्या फडक्यावर काळं येणं थांबेपर्यंत. पंपाच्या सक्शनला जाळी असेल तर तिची प्रत्येक बाजू उजेडाकडे धरून बघावी. फाटलेली जाळी नसल्यातच जमा. चोंदलेली जाळी तर पंपाला उपाशी ठेवते आणि लक्षणं अगदी पंप झिजल्यासारखीच दाखवते.

कव्हर परत खाली बसवताना वरच्या लिंकेजची टोकं पंपाच्या उभ्या लिव्हरमध्ये बरोबर बसली आहेत का, हे बाजूच्या झाकणातून एकानं बघत राहावं आणि दुसऱ्यानं चेन सोडावी. टोक चुकीच्या बाजूला पडलं तर इंजिन चालू होताच लिफ्ट वर जाते, खाली येत नाही आणि रिलीफ ओरडायला लागतो. मग सगळं परत उघडायचं. उभा पाइप शेवटी, नव्या ओ-रिंगांसह, हातानं दाबून बसेल असा. हातोडी लागत असेल तर पंप सरळ रेषेत नाही.

तेल नवं, आणि ट्रान्समिशन-हायड्रोलिक दोघांना चालणारं, कंपनीनं सांगितलेल्या ग्रेडचं. जाड गिअर ऑइल घातलं की गळती काही दिवस झाकली जाते, पण थंडीच्या सकाळी पंपाला ते ओढवत नाही. इंजिनाचं जळकं तेल गाळून घालणं तर पंपाला कानस खाऊ घालण्यासारखं.

पहिल्यांदा इंजिन हलक्या रेसवर, लिव्हर खाली. दोन मिनिटांनी लिव्हर सावकाश वर. पंप तेलातच बुडालेला असल्यानं हवा काढण्याचा वेगळा सोपस्कार नाही. दहा-बारा वेळा रिकामी वर-खाली, मग हलकं अवजार, मग नांगर. त्यानंतर पातळी परत बघून भरावी, कारण सिलिंडर आणि पाइप आता भरलेले असतात. आठवड्याभराच्या कामानंतर डिपस्टिकचा एक थेंब पांढऱ्या चिनी मातीच्या बशीत टाकून उन्हात बघावा. थेंब काचेसारखा, मधाळ रंगाचा दिसायला हवा. त्यात चमकी तरंगत असेल किंवा कडेनं पांढरट वलय उठत असेल, तर कुठलं तरी सील अजून पाणी घेतंय किंवा तळातला कोपरा धुवायचा राहून गेलाय, आणि मृग लागायच्या आत तेल पुन्हा उतरवावं लागणार आहे.